काठावरचे तात्या

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत जून ते ऑगस्ट या काळात ज्या गृहस्थाचे सामाजिक मोल आमदाराच्या खालोखाल वाढते, त्यास लोक 'कटऑफवाले तात्या' म्हणून ओळखतात. गावागणिक तो नाना, अण्णा किंवा नुसताच सर होतो, पण प्रकार एकच. राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, दिलेल्या विद्यार्थ्यास कोणते अभियांत्रिकी महाविद्यालय मिळेल आणि मिळालेले झेपेल की नाही, याचा निकाल प्रवेशाच्या यादीपूर्वीच जाहीर करणे हे त्याचे जीवितकार्य होय. त्यासाठी औपचारिक पात्रता लागत नाही. थोरल्या मुलास पुण्याच्या सीओईपीत, म्हणजे १८५४ साली सुरू झालेल्या आणि २०२२ पासून विद्यापीठाचा दर्जा असलेल्या संस्थेत, प्रवेश मिळालेला असला की पुरते, कारण तो मुलाने कसा मिळवला हे मुलाला कोणीच विचारत नाही आणि श्रेय आपोआप वडिलांच्या खात्यावर जमा होते.

तात्यांची विद्या सर्वस्वी खोटी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण होय, आणि म्हणून परीक्षेस ३ लाख मुले बसली असतील तर ९५ पर्सेंटाइलच्या चिरंजीवांपुढे सुमारे १५ हजार जण उभे असतात, ही गोष्ट पेढे वाटून बसलेल्या बापास न दुखावता सांगणे हे कसबाचे काम आहे आणि ते तात्यांना साधते. मागील वर्षीच्या कटऑफच्या, म्हणजे प्रत्येक शाखेत शेवटच्या प्रवेशास लागलेल्या गुणांच्या, तक्त्यांतील जी-ओपन-एच किंवा एल-ओबीसी-एस यांसारखी अक्षरे ते पोथीसारखी वाचतात: पहिले अक्षर जागा सर्वसाधारण की महिलांसाठीची हे सांगते, मधला भाग प्रवर्ग दाखवतो आणि शेवटचे अक्षर ती जागा गृह विद्यापीठाची (म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील मुलांची), बाहेरच्यांची की राज्यस्तरीय हे ठरवते. शुल्कमाफी योजनेच्या जागेस खुल्या जागेपेक्षा बहुधा अधिक गुण लागतात, हे ऐकून 'फी माफ म्हणजे गुणही माफ' असे समजणारे पालक गप्प होतात.

तात्यांचे खरे वर्चस्व प्रस्थापित होते ते जिल्ह्याच्या सीमेवरच्या नीरा नदीवर. गृह विद्यापीठ विद्यार्थ्याच्या घरावरून नव्हे, तर बारावी कोठून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरत असल्याने, चांगल्या क्लासच्या आशेने नदी ओलांडून अकलूजला शिकलेला इंदापूरचा मुलगा प्रवेशापुरता सोलापूर विद्यापीठाचा होतो आणि फलटणला शिकलेला बारामतीचा मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. वडिलांचा सातबारा, मतदारयादी आणि उसाची नोंद पुणे जिल्ह्यात असताना मुलगा परका कसा, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो आणि तात्या दरवर्षी त्याच समाधानाने उत्तर देतात की, "दोन वर्षांमागं इचारलं असतं, तर सांगितलं असतं."

माणूस मूळचा साखर कारखान्याच्या नोकरीतला, मग तो माळेगावचा असो, सोमेश्वरचा असो की भवानीनगरच्या छत्रपतीचा, असल्यामुळे विद्यार्थ्याकडे तो उसाच्या नमुन्याकडे पाहावे तसा पाहतो. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यास उतारा म्हणतात. तात्या दहावीचे गुण, सीईटीचे गुण आणि मुलगा बोलताना खाली पाहतो की समोर, यांवरून पोराचा उतारा काढतात. मात्र फरक असा की कारखान्यात उसाच्या मालकाकडे पाहून उतारा बदलत नाही (निदान बदलू नये, असा नियम आहे), येथे तो बदलतो. बागायत दहा एकरांची आणि बाप सोसायटीचा चेअरमन असेल तर ९२ पर्सेंटाइललाही पुणे 'ट्राय करायला हरकत नाही'; बाप दुसऱ्याच्या रानात राबत असेल तर ९६ ला 'उगं मोठ्या कॉलेजात दबून जाईल' असे ठरते; आणि त्याच गुणांच्या मुलीस बारामतीचे विद्या प्रतिष्ठान 'एकदम फिट' असते, कारण तेथून ती संध्याकाळच्या एसटीने घरी येते. योग्यतेची ही मोजणी चालू असताना विद्यार्थी बहुधा चहा आणण्यास गेलेला असतो.

अखेरचा अभिप्राय मात्र सर्वांना एकच मिळतो: "काठावर हाय. दुसऱ्या राउंडला बसंल." प्रवेश मिळाला तर तात्या बोललेच होते, आणि हुकला तर काठावरून घसरणे हा माणसाचा दोष नव्हे. नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणीचे कागद मे महिन्यातच काढून ठेवा, हा त्यांचा एकमेव सल्ला असा आहे की जो कधीच चुकत नाही आणि जो फारसा कोणी मानत नाही.

या व्यवसायास २०२५ साली धक्का बसला. त्या वर्षीच्या नियमानुसार पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर जागा आपोआप पक्की होऊ लागली, आणि ती नको असेल तर पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद. त्यामुळे 'वरती काहीही भरा, खालचं आपण बघू' हे तात्यांचे जुने सूत्र धोक्याचे ठरले. त्याचा अनुभव अशा तात्यांना घरातच यावा हे स्वाभाविक होते. विद्या प्रतिष्ठानपासून सुरू होणारी यादी वडील कागदावर उतरवत असताना धाकट्या कन्येने रात्री स्वतःच्या मोबाइलवर सांगलीचे वालचंद महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकून अर्ज पक्का केला, पहिल्याच फेरीत तिला ते मिळाले, आणि नियमानेच ते पक्के झाले. सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात अभिनंदनाचा चहा घेताना, सांगली आपण सुरुवातीपासूनच धरून चाललो होतो, असे तात्यांनी चार जणांना सांगितले, आणि पाचव्याच्या मुलाचे गुणपत्रक हातात घेऊन त्यावर नजर टाकण्यापूर्वीच, ते काठावर असल्याचे कळवले.