तुम्ही फक्त हो म्हणा

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. तालुक्यात कार्यक्रम ठरला की वक्ता आणायचं काम आपोआप याच्याकडे येतं, आणि पलीकडून फोन उचलला गेला की याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सर, तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी माझ्यावर सोडा.’

कशाला हो म्हणायचं, हे त्या ‘बाकी’त येतं. तारीखही त्यातच. मानधन तर त्यातच.

अर्धापूरच्या आमच्या नमुन्याने कीर्तनकार, करिअर मार्गदर्शक, हळदीचे जाणकार आणि हृदयरोगतज्ज्ञ या एकाच वाक्यावर गावात उतरवले आहेत. हल्ली तालुक्यातली पोरं वर्डप्रेसवर वेबसाईट बनवू लागली, तसा त्याने मोर्चा तिकडे वळवला. पुण्याच्या एका बाईंना फोन गेला. ‘मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा.’ बाईंनी सरळ विचारलं, श्रोते कोण आहेत? थीमवर बोलू, प्लगिनवर की सुरक्षेवर? ‘सगळंच थोडं थोडं घ्या की. वीस मिनिटं आहेत.’ विचार करून कळवते, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळी फ्लेक्स छापायला गेला. नावाखाली ‘सुप्रसिद्ध वेबतज्ज्ञ व शिवव्याख्यात्या’. मागच्या कार्यक्रमाच्या फाइलमधलं अर्धं पुसायचं राहून गेलं होतं. आता फ्लेक्सच लागला म्हटल्यावर बाई आल्या. बहुतेक जण असेच येतात.

प्रवासाचा त्याचा हिशेब निराळा आहे. तपोवन एक्स्प्रेस सकाळी मुंबई सोडते आणि संध्याकाळी नांदेडला टेकते. पुढे अर्धापूर वीसेक किलोमीटर. याच्या भाषेत ‘हे काय, इथंच’. गाडी जालना ओलांडत नाही तोच फोन सुरू होतात. ‘कुठवर आलाव, सर?’ परभणीला पुन्हा. पूर्णेला पुन्हा. गाडी वक्त्याच्या हातात नसते, हे त्याला मान्य नाही.

वक्ता बोलावणं ही तशी आपली जुनी हौस. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि वक्त्याच्या मागे लागणारा कार्यकर्ता तेव्हाही असणारच. पण वेबसाईटवाल्यांच्या संमेलनांची रीत उलटी आहे. वर्डप्रेस आलं २००३ मध्ये, त्याचा पहिला मेळावा, म्हणजे वर्डकॅम्प, सॅन फ्रान्सिस्कोत २००६ मध्ये भरला, पुढे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरलाही भरले. तिथे वक्ता स्वतः अर्ज करतो. विषय, गोषवारा, स्वतःची ओळख लिहून देतो. मंडळी अर्ज चाळून निवड करतात. मानधन नाही. सगळा मामला स्वयंसेवेचा.

हे ऐकून आमचा नमुना चहाचा कप हातात धरून बसला. ‘वक्ता अर्ज करतो? फुकट? आणि आपण त्याला नाही म्हणायचं?’ आयुष्यभर होकार गोळा करणाऱ्या माणसाला नकाराचा अधिकार ही चैन वाटली असावी.

मानधनाच्या बाबतीत मात्र तो वर्डकॅम्पच्या आधीपासूनच आधुनिक आहे. शाल, श्रीफळ आणि इसापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या केळीचा अख्खा घड. परतीच्या रेल्वेत तो घड वरच्या बर्थवर चढवताना कितीतरी विद्वानांची विद्वत्ता उतरलेली आहे.

आणि तरीही त्याच्या कार्यक्रमाला माणसं येतात. त्या दिवशी प्रोजेक्टरची जुनी पिन बाईंच्या लॅपटॉपला बसेना, तर हा मोटारसायकलवर नांदेडला जाऊन जोडणी घेऊन आला. तोवर बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर चौकोन काढून वेबसाईट आतून कशी चालते ते सांगितलं. मजकूर एकीकडे, त्याची मांडणी दुसरीकडे. मांडणी बदलली तरी मजकूर शाबूत राहतो. पोरांनी दोन तास सोडलं नाही. पुण्या-मुंबईत असली माणसं रोज भेटतात. अर्धापुरात ती कुणीतरी मागे लागल्याशिवाय येत नाहीत. हा परतला तेव्हा आभारप्रदर्शन चालू होतं. त्यात याचं नाव नव्हतं. तो खुर्च्या उचलायला लागला.

केळीचे भाव आणि पाण्याच्या पाळ्या रोज रात्री मराठीत चढवणारी एक साधी वेबसाईट तो कित्येक वर्षं एकट्याने चालवतो, हे बाईंना निघताना कळलं, तेही त्या पोरांकडून. जगातल्या दर शंभरातल्या चाळीसहून अधिक वेबसाईट वर्डप्रेसवर आहेत. त्यातली एक ही.

२०२६ च्या आशियाई वर्डकॅम्पसाठी मुंबई ठरली, तेव्हा पोरांनी त्याला बळेच अर्जासमोर बसवलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. विषयाच्या रकान्यापाशी गडी अडला. जन्मभर दुसऱ्यांना कधी विषय दिला नाही, स्वतःला कुठून सुचणार? रकाना कोरा राहिला, मुदत टळली.

तेव्हा मोठ्या संमेलनांच्या मंडळींनी अर्जांची वाट न बघता एकदा अर्धापूरला फोन लावावा. विषय तेवढा आधी सांगा, आणि केळी आणू नका म्हणून बजावा.