काटा कुणाचा खरा?

"ऐकलंस का गं? कालची ट्रॉली खासगी काट्यावर २० टन भरली, अन् कारखान्यावर १९ टन २००! आठशे किलो ऊस काय रस्त्यात सांडला?" मेंदीच्या कुंपणापलीकडून आक्का कडाडल्या. हातात मेथीची जुडी.

"आक्का, पोरगीच्या त्या प्रोटॉनचंबी असंच झालं."

"कुणाचा गं हा?"

"तसं न्हवं ओ! बारामतीला कॉलेजात फिजिक्स करतीय ना. २८ फेब्रुवारीला खोडदला दुर्बीण बघाय गेलती. आभाळातला हायड्रोजन ऐकती म्हणं ती. त्याच हायड्रोजनच्या पोटात एकच प्रोटॉन. मिलिमीटरचे लाख कोटी भाग करा, त्यातला एक म्हंजे फेमटोमीटर. प्रोटॉनची त्रिज्या त्याहूनबी कमी."

"मग टेप कुणी लावली?"

"उजेडानं मोजत्यात. इलेक्ट्रॉन मधूनच प्रोटॉनच्या आतनं जाऊन येतो. आत ओढ कमी पडती, म्हणून त्याची ऊर्जेची पायरी केसभर सरकती. पायरी सरकली की हायड्रोजन गिळतो तो रंगबी सरकतो. तेवढा फरक लेसरनं धरायचा. असा आकडा ठरलेला ०.८७७ फेमटोमीटर. मग २०१० ला स्वित्झर्लंडात इलेक्ट्रॉन काढून म्युऑन बसवला. इलेक्ट्रॉनसारखाच, पण दोनशे पट जड, म्हणून पार प्रोटॉनला चिकटून फिरतो. त्याला प्रोटॉनचा आकार लाखो पटीनं जाणवतो. आकडा आला ०.८४२."

आक्कांनी बोटांवर हिशोब केला. "चार टक्के घट! माझ्या उसाएवढीच की गं!"

"तेच सांगतीय. मग जुंपली. कुणी म्हणं म्युऑनची जातच निराळी. २०१७ ला जर्मनीत गार्चिंगला साध्या हायड्रोजनवर मोजलं, तर लहान. पुढच्याच वर्षी पॅरिसवाल्यांचं परत मोठं! २०१९ ला टोरांटोत ०.८३३. शेवटी जगानं मानलेल्या आकड्यांच्या यादीत जुना खोडून लहान लिवला."

मेथीची काडी आक्कांच्या हातात तशीच राहिली.

"म्हंजे कमी सांगणारा काटा खरा निघाला? हे आमच्या मालकांपुढं बोलू नगं बाई. अन् कारखान्यावर तर मुळीच नगं."

"पण त्यांनी तिसऱ्या-चौथ्या काट्यावर नेऊन बघितलं, आक्का."

"मग उद्याची ट्रॉली आधी इंदापूरच्या काट्यावर घालते."

"अन् डिझेल?"

"ते तुझ्याकडनं. प्रोटॉन तुझ्या घरचा."