एकास पंचवीस

डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहणाऱ्या आमच्या काकांना (ते तिथल्या सगळ्याच मराठी मंडळींचे काका) ‘गाडी कुठली?’ असं विचारू नये. दारातली गाडी जपानी आहे, म्हणून ती जरा आडोशालाच लावलेली असते. काका सांगतात, “सत्तावन्नची शेव्हरोले बेल एअर,” आणि पाहुण्याला थेट तळघरात नेतात.

ही बेल एअर आठ इंच लांब आहे. खरी दोनशे इंचांची, पंचविसाने भागली की बरोबर आठ. हा भागाकार काकांच्या डोक्यात अखंड चालू असतो. काकूही त्यातून सुटलेल्या नाहीत. “तू पुरती अडीच इंचसुद्धा नाहीस,” असं ते कौतुकानं म्हणतात.

जे कुणाला कधी दिसणार नाही, त्यावर काकांचा सगळ्यांत जास्त जीव. बॉनेटखालच्या व्ही-एट इंजिनाला त्यांनी बारीक तारेच्या आठ वायरी जोडल्यात. त्या कशाही खोचलेल्या चालत नाहीत. डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन हाच क्रम हवा, आणि काका तो अंघोळीला स्तोत्रासारखा म्हणतात. वायरी लागल्या की बॉनेट बंद होतं ते बंदच. पुढे पाहुण्याची परीक्षा: पेट्रोल कुठून भरायचं? झाकण डाव्या शेपटीच्या क्रोमपट्टीत लपवलेलं आहे, हे सांगताना काकांचा चेहरा असा होतो की लपवलं त्यांनीच असावं. गाडी टर्कोइज, छप्पर ‘इंडिया आयव्हरी’. हा रंग शेव्हरोलेच्या १९५७च्या यादीत खरंच होता. काकांना मात्र तो जनरल मोटर्सनं आपल्याला विचारून ठेवल्यासारखा वाटतो.

एएमटी ही मॉडेलची जुनी कंपनी एकेकाळी ट्रॉयमध्येच होती. एकाच किटमधून मूळची, सजवलेली किंवा शर्यतीची गाडी जोडता येईल असे तिचे संच १९५८ साली निघाले. घर इथे त्यासाठीच घेतलं, असं काका सांगतात. शाळा बऱ्या होत्या म्हणून घेतलं, असं काकू सांगतात.

या छंदाचा कच्चा माल काकूंच्या स्वयंपाकघरातून जातो. ब्लीच जातं ते संचातल्या भागांवरचं भडक क्रोम उतरवायला. टूथपिक जातात खिडक्यांच्या कडांवर चंदेरी वर्ख दाबून बसवायला. मेथी वाळवायला काकूंनी हौसेनं घेतलेल्या यंत्रात सध्या १९५९ची कॅडिलॅक रंग वाळवत बसली आहे. तिचे शेपटीचे पंख इतके उंच की मधला ट्रे काढावा लागला. मेथी यंदा उन्हातच वाळली.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे काकांना खरीखुरी सत्तावन्नची बेल एअर भेटली, बॉनेट उघडून उभी. काका कमरेत वाकले, टॉर्च काढला, वायरी मोजल्या. मालक अभिमानानं बाजूला उभा.

“छान आहे,” काका आम्हाला मराठीत म्हणाले, “पण क्रोम जरा जाड वाटतं.”

मालकानं विचारलं, तुमच्याकडे आहे का अशी एखादी?

“अकरा आहेत,” काका म्हणाले.

मालक थक्क होऊन त्यांचा हात हलवत राहिला. काकू आमच्या कानाशी आल्या. “त्यातल्या नऊ अजून खोक्यात आहेत.”