दोन बोटं खाली

सातारा-सांगलीकडे जुन्या गाडीवाल्याची तक्रार ठरलेली असते: गाडी खाली लागते. आमच्या दाजींची तक्रार उलटी आहे. त्यांची गाडी पुरेशी खाली नाही.

गाडी मारुती एस्टीम, पासिंग एमएच ११, म्हणजे दाजींच्या साताऱ्याचं. कंपनीनं हे मॉडेल २००७ साली बंद केलं, त्याचा राग दाजींनी अजून सोडलेला नाही. त्यांच्या मते या गाडीत खोड एकच. टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं जातात. जायला पाहिजेत दोन. त्यामुळे कुठल्याही गाडीशेजारी उभे राहिले की त्यांचा हात वैद्यानं नाडी धरावी तसा चाकावर जातो. मेव्हणीच्या लग्नात नवरदेव गाडीतून उतरत होता आणि दाजी त्याच्याऐवजी मागच्या चाकापाशी वाकले होते. लोकांना वाटलं, नारळ ठेवतायत.

आता गाडी खाली घ्यायची म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापला की झालं, असं कुणी म्हटलं की दाजी हातातला चहा खाली ठेवतात. वेढा कापला की उरलेली स्प्रिंग कडक होते, इथवर ठीक. पण शॉकअप राहतो मूळ मापाचा. गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळलं, की आखूड स्प्रिंग बैठकीतून सैल होते. आणि खड्ड्यात आदळलं की दांडी आत जायला जागाच उरत नाही, सगळा मार रबरी स्टॉपरवर. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनंच बदलायचे. एस्टीमला चारही चाकांना स्ट्रट, म्हणजे जोड्या चार. मग लोअर आर्मचे बुश, वरची माउंटिंगं. गाडी बसली की चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेनं खातो, म्हणून शेवटी अलाइनमेंट. की सरळ आटे फिरवून उंची ठरवायचा कॉइलओव्हर घ्यावा? तीस मिलिमीटर की चाळीस? हे सगळं दाजी अचूक सांगतात. घेतलेलं मात्र अजून काही नाही. निवड चालू आहे.

सांगलीतल्या मिस्त्रीची त्यामुळे पंचाईत होते. गल्लीचा जावई, तोडून बोलता येत नाही. "बरोबर हाय दाजी," एवढंच तो म्हणतो आणि दुसऱ्या गाडीखाली शिरतो.

खरा विरोध रस्त्याचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. पेठनाक्याहून आष्ट्यामार्गे सांगलीला येताना आडव्या पडलेल्या उंचवट्यांनी हे वाचलेलं दिसत नाही. त्यांची उंची गावाच्या रागावर ठरते. प्रत्येक उंचवट्यावर दाजी गाडी तिरकी घालतात आणि ताई म्हणते, "अजून खाली घेतली नाही तर चेंबर घासतोय, घेतल्यावर काय मला खाली उतरवणार?" दाजी यावर बोलत नाहीत. त्यांच्या मनात उत्तर "हो" असावं.

मी एकदा कायदा काढला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये सांगितलंय. दाजींनी लगेच देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार पुढे केले. भंगारातून जीप केली, तीही किक मारून चालू होणारी, आणि आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये त्यांना बोलेरो दिली! आता हे उत्तर कायद्याला कसं लागू पडतं ते सोडा. पण लोहारांनी हाताला लागलं ते जोडलं आणि जीप चालवली, हा भाग दाजी सोयीनं गाळतात.

परवा दाजी सांगलीहून साताऱ्याला निघाले. मागच्या सीटवर आई, मोठे मामा आणि मामी. डिकीत भावकीत वाटायला दळलेल्या हळदीचं पोतं. मिस्त्री निरोप द्यायला आला होता. त्यानं मागच्या चाकाकडे नुसतं बोट दाखवलं. दाजींनी हात घातला. दोन बोटं! बरोब्बर दोन. पुढची चाकं उलट जरा उचलली होती आणि हेडलाइटचा उजेड आता उसाच्या तुऱ्यांवर पडणार होता, पण ते त्यांनी ऐकून घेतलं नाही.

आई चार दिवसांसाठी साताऱ्याला गेली होती. दाजी तिला सोडायला तयार नाहीत. कासला नेतात, यवतेश्वरला नेतात, मामांना दुसऱ्यांदा वाढायचा आग्रह करतात. जावई असावा तर असा, असं मामी सांगलीला फोन करून सांगते. पोतं अजून डिकीतच आहे. फोडणीच्या वेळी ताई किल्ली आणि वाटी घेऊन खाली जाते. घेतली तेवढी हळद वहीत लिहून ठेव, असं दाजींनी तिला सांगितलंय. भरपाईला तेवढी वाळू टाकायची आहे.