गेज किती?

मुलगी व्हिएन्नाला असते म्हणून तीन महिने तिकडे राहून आलेले एक तरी काका प्रत्येक आळीत असतातच. परत आल्यावर ते थंडीबद्दल, चीजबद्दल आणि तिकडच्या शिस्तीबद्दल बोलतात आणि गणपतीपर्यंत जमिनीवर येतात. अलिबागचे हे काका काही आले नाहीत. कारण ते गेलेच होते ट्राम बघायला. मुलगी, जावई, नातू ही वाटेत लागलेली स्टेशनं.

फोटो बघा. पॅरिसला आयफेल टॉवरपाशी काकूंना उभं करून काढलेल्या फोटोत काकूंचं अर्धं डोकं आहे, टॉवरचा एक पाय आहे आणि मागे बीर-हाकेमच्या पुलावरून जाणारी सहा नंबरची मेट्रो मात्र पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत अख्खी आहे. मिलानच्या कॅथेड्रलचा तर फोटोच नाही. त्या शहरात १९२८ च्या घडणीच्या ट्राम अजून रस्त्यावर धावतात, लाकडी बाकांसकट. "देऊळ काय, कुठे पळतंय?" हा काकांचा खुलासा.

इथवर कोणीही सोसलं असतं. पण काकांना गेजचं वेड आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. व्हिएन्नाच्या ट्रामचं १४३५ मिलिमीटर, लिस्बनच्या ट्रामचं ९००, ग्लासगोच्या भुयारी रेल्वेचं चार फूट, म्हणजे १२१९. हे आकडे ते अशा मायेने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, नातवंडांची वजनं चालली आहेत. मिलानचं १४४५. हे वरचे दहा मिलिमीटर कशाला, यावर ते समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलू शकतात. ओहोटीला पर्यटकांना कुलाबा किल्ल्याकडे नेणाऱ्या घोडागाडीच्या दोन चाकांमधलं अंतरही त्यांनी टेप लावून मोजलं. गाडीवाल्याला वाटलं, आरटीओचा माणूस आला.

शेजारच्या मुलीला झुरिकचं स्थळ आलं तेव्हा तर कहर झाला. बाकीचे पगार, फ्लॅट, पत्रिका विचारत होते. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमच्याकडच्या ट्रामचं गेज किती हो?"

मुलगा म्हणाला, "कल्पना नाही. मी सायकलने जातो."

काकांनी आत जाऊन निकाल दिला, "मीटरगेज आहे. अख्खं गाव ज्याच्यावरून फिरतं ते याला माहीत नाही. हा संसार काय सांभाळणार?" लग्न तिथेच झालं. काका जेवायला गेले, पण निषेध म्हणून मठ्ठा घेतला नाही.

खुद्द जावयाचीही गय नाही. व्हिएन्नाच्या भुयारी स्टेशनात तो एकदा बोलण्याच्या नादात उलट्या दिशेच्या गाडीत चढला. काका फलाटावरूनच ओरडले, "अलिबागहून आलाय का?" कुणाला वेड्यात काढायचं तर हे वाक्य मुंबईकरांच्या तोंडी असतं म्हणून २०१९ मध्ये एक अलिबागकर थेट उच्च न्यायालयात गेला होता आणि न्यायालयाने ते हसण्यावारी न्यायला सांगितलं होतं. ते भर युरोपात एका अस्सल अलिबागकराने नागपूरच्या जावयाला ऐकवावं, याला काय म्हणायचं!

काकूंनी सगळं सोसलं, फक्त वुपरटाल सोडून. जर्मनीतल्या या गावात १९०१ पासून रेल्वे वरच्या रुळाला टांगलेली आहे. चाकं डोक्यावर, डबा खाली लोंबतो आणि त्याच्याखाली वुपर नदी. १३ किलोमीटरचा तो प्रवास काकूंनी डोळे मिटून, रामरक्षा म्हणत केला. तेवढ्यात काकांनी त्यांना टफीची गोष्ट सांगितली. टफी ही सर्कशीतली हत्तीण. १९५० मध्ये जाहिरातीसाठी तिला या गाडीत चढवलं, ती बिथरली आणि भिंत फोडून नदीत पडली, पण बचावली. काकू आजही म्हणतात, "त्या हत्तिणीला जे कळलं, ते आमच्या ह्यांना कळलं नाही." तिथे एकच रूळ असताना गेज कसलं मोजायचं, हा प्रश्न काकांना आजतागायत छळतो.

गाव हसतं, आणि हसणारच. ज्या तालुक्याच्या ठिकाणी प्रवासी रेल्वे नाही, तिथे हे वेड! पण या बाबतीत काकांचा हुकमाचा पत्ता वेगळाच आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा इथे आली कशी? मुंबईत कुलाब्याला होती ती. मुंबईतल्या घोड्याच्या ट्राम विजेवर न्यायचं ठरलं आणि त्या विजेने चुंबकाच्या सुया बहकतील म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये इथे नवी वेधशाळा उभी केली, लोखंड टाळून. विजेची ट्राम १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला मुंबईतून गेलीसुद्धा. वेधशाळा इथेच राहिली. "म्हणजे अलिबागच्या नकाशावर ट्राम आहेच," असं काका म्हणतात. याला उत्तर नाही, हीच पंचाईत.

काकूंनी एकदा पापड लाटता लाटता सांगितलं, की १९६४ ला काका आठ वर्षांचे होते. ट्राम बंद होणार म्हणून वडील त्यांना लाँचने मुंबईला घेऊन गेले होते. दोघं दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसले. वडील दिवसभर त्यांच्याशी बोलले, असा तो एकच दिवस. काका स्वतः हे कुणाला सांगत नाहीत. ते गेज सांगतात.

आणि खरं बोलायचं तर गावाचं त्यांच्यावाचून अडतं. पावसाळ्यात लाँच बंद, रो-रोचा वाऱ्यावर भरवसा नाही, अशा वेळी कुणाला मुंबईला केईएममध्ये पेशंटला भेटायला जायचं असलं की फोन काकांना. पहाटेची कुठली एसटी, वडखळच्या खड्ड्यांत किती वेळ धरायचा, पेणला दिवा गाडी चुकली तर पनवेलपर्यंत काय, पुढे हार्बरने शिवडीला कुठल्या बाजूला उतरायचं, हे सगळं ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून देतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात '१६७६ मिमी' असतंच.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा आवाज चढतो. थळच्या आरसीएफ खत कारखान्यापासून पेणपर्यंत रूळ आहेत. त्यावरून खत जातं. "युरियाला गाडी आहे, माणसाला मिनिडोअर," असं म्हणून ते थांबतात. तेवढं वाक्य ऐकायला हसणारेही थांबतात.

गेल्या वर्षी त्यांनी बेल्जियमची किनाऱ्याने जाणारी ६७ किलोमीटरची ट्राम डोळ्यांसमोर ठेवून एक नकाशा काढला. मांडवा, सासवणे, किहीम, थळ, वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. मीटरगेज, अर्थात. चार जणांनी तरी वाचावा म्हणून वाचनालयात लावला. दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं येऊ लागली. काकांनी हौसेने खुर्च्या मांडल्या, काकूंनी चहा टाकला. सगळे जमिनीचे दलाल निघाले. किहीमचा थांबा नक्की कुठल्या सर्व्हे नंबरात आहे, एवढंच त्यांना हवं होतं. गेज एकानेही विचारलं नाही.