गाडी बापाच्या नावावर, हँडल लेकाच्या हातात

बोरीत लेकरू अठरा वर्षांचं झालं की पहिली मागणी गाडीची. कॉलेज जिंतूरला नाही तर परभणीला, एसटीच्या भरवशावर तास बुडतात, आणि कापसाचे-सोयाबीनचे पैसे हातात आले की बाप शोरूमची पायरी चढतो. रंग ठरतो, महिन्याचा हप्ता ठरतो, सीटकव्हर फुकट मिळवण्यासाठी अर्धा तास घासाघीस होते. इन्शुरन्सचा विषय मात्र एका वाक्यात उरकतो : "स्वस्तातलं टाका, पोलिसाला दाखवायपुरतं."

या वाक्याशी माझं भांडण आहे.

स्वस्त मागण्यात काहीच गैर नाही. पण थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवतच नाही, तो सरकार ठरवतं. परभणीत काढा, पुण्यात काढा, मोबाइलवर काढा, रक्कम तीच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाचे ७१४ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दिवसाला अडीच रुपयेसुद्धा नाहीत. १५० सीसी ओलांडली की ३५० पर्यंत १,३६६ रुपये आणि त्याच्याही पुढे २,८०४. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांच्या नवख्या पोराला केवळ वयापायी जबर हप्ता भरावा लागतो. आपला थर्ड पार्टीचा दर पोराचं वय विचारत नाही, फक्त इंजिन विचारतो.

त्यामुळे स्वस्त-महाग याचा निकाल गाडी निवडतानाच लागतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. स्प्लेंडरला त्याचे ३,८५१ रुपये होतात, १६० सीसीच्या अपाचेला ७,३६५. इंजिनात थोडी भर, हप्ता जवळजवळ दुप्पट. हे गाडी पसंत करायच्या आधी सांगणारा सेल्समन भेटला तर त्याचे आभार माना.

पण खरं दुखणं पैशाचं नाहीच. ही थर्ड पार्टी वाचवते कोणाला? तुमच्या गाडीने ज्याला धडक बसली त्याला. त्याला भरपाई कंपनी देते, म्हणून तुमचं घर वाचतं. विमा नसेल तर दोन हजारांचा दंड ही फार छोटी गोष्ट आहे. न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई थकली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, तो सातबारा सांभाळणाऱ्याला समजावून सांगायला नको.

आणि हँडल धरलेल्या पोराचं काय? त्याच्यासाठी मालक-चालकाचं वेगळं कवच असतं, १५ लाखांचं. वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. पण ते मिळतं कोणाला, तर आरसी बुकावर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्यालाच. आता आपल्याकडची रीत पाहा. कर्ज बापाच्या उत्पन्नावर, म्हणून गाडी बापाच्या नावावर. बापाला गाडी येत नाही, लायसन्स कधी काढलंच नाही. गाडी रोज पळवतो लेक, त्याचं नाव कुठेच नाही. म्हणजे बापाला ते कवच लागू होत नाही आणि लेकाला ते मिळत नाही. एम.एच. २२ ची पाटी लावलेल्या अशा गाड्या परभणी-जिंतूर रस्त्यावर रोज धावतात. याची मला मनापासून भीती वाटते.

असं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. इरकल लुगड्यामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या कर्नाटकातल्या इलकलहून एक जण ओळखीच्या माणसाची मोटारसायकल मागून घेऊन गावी निघाला. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी अचानक थांबली, हा तिच्यावर आदळला आणि गेला. बायकोने भरपाई मागितली. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही. चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्या कुटुंबाला काही मिळू शकत नव्हतं. आपल्याकडे ऊस आणि कापूस भरलेल्या ट्रॉल्या अंधारात रस्त्याकडेला उभ्या असतात. बापाच्या नावावरची गाडी घेऊन त्यांच्या मागून जाणारा पोरगा कायद्याच्या नजरेत त्या इलकलच्या माणसाच्याच जागी आहे.

मागे बसणाऱ्याची गोष्टही तशीच. नुसती थर्ड पार्टी असेल तर दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलं. मागे बहीण असते, मित्र असतो, बाजाराला निघालेली आई असते. फुल इन्शुरन्स घेतलं तर मागचा माणूस त्यात येतो. आईला मागे बसवणाऱ्या पोराने या एका कारणासाठी तरी फुल पॉलिसी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून गाडी चालवणाऱ्याच्या नावावर करा. लेक अठराचा आहे, पक्कं लायसन्स आहे, तर आरसी त्याच्या नावाने होऊ शकते. कर्जाला बाप सहकर्जदार किंवा जामीनदार राहू शकतो का, हे फायनान्सवाल्याला आधीच विचारा. लायसन्स नसेल तर गाडी घरी उभी राहू द्या. अठराच्या आतल्या पोराच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

शोरूमवाला देईल तीच पॉलिसी घ्यावी लागते, हाही एक पक्का गैरसमज. कंपनी निवडायचा हक्क तुमचा आहे. थर्ड पार्टी पाच वर्षांची घ्यावी लागली तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचाच घेता येतो आणि त्याचे दर मात्र कंपनीगणिक वेगळे असतात. घासाघीस करायची ती इथे करा. मुंबई-पुण्यापेक्षा आपल्या भागाला हा दर थोडा कमीच पडतो. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के सवलत, ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. मुदत संपून ९० दिवस उलटले की कमावलेली सवलत गेली.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी नाव लगेच चढवून घ्यावं. विकणाऱ्यानेही तेवढीच घाई करावी, कारण आरसीवर नाव आहे तोवर अपघाताचा दावा त्याच्याच दारात येतो. पाच वर्षांची थर्ड पार्टी कधी संपली हे बहुतेक घरांत लक्षात राहत नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की तारीख दिसते. पॉलिसी खोटी निघाली तर तेही तिथेच कळण्याची शक्यता असते.

ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय १८ ते ७०. गाडी कोणाच्या नावावर आहे हे ती विचारत नाही. शेतकऱ्याच्या घराला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. मुंडे साहेब स्वतः ३ जून २०१४ ला दिल्लीत रस्ता अपघातात गेले. खातेदार आणि त्याच्या घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५, मृत्यू झाल्यास दोन लाख, हप्ता काहीच नाही. वीस रुपयांच्या योजनेचा अर्ज बँकेत एकदाच भरावा लागतो. पुढे दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी पैसे आपोआप कापले जातात, तेव्हा पोराच्या खात्यात तेवढी शिल्लक असली पाहिजे.