भागिले साहेब

भागिले साहेब ओळखायला त्याच्या रंगाकडे बघायचं कारण नाही. तो जर्मन असेल, कोरियन असेल, फ्रेंच असेल. दुकानदाराने किंमत सांगितली की त्याची नजर क्षणभर छताकडे जाते आणि ओठ हलतात. तो भागाकार करत असतो. युरो नव्वदीच्या घरात होता तोवर हे काम मोठं जिकिरीचं होतं. युरोने शंभरी ओलांडली आणि साहेबाचे कष्ट वाचले. दोन शून्यं उडवली की झालं. आपली माणसं परदेशात गेली की पहिली काही वर्षं फ्लॉवरच्या गड्ड्याची किंमत रुपयांत गुणतात आणि गड्डा जागेवर ठेवतात. साहेब इथे येऊन भागतो आणि दोन गड्डे घेतो.

पुण्यात त्याची वस्ती कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बोट क्लब रोड, अलीकडे बाणेर. कारखाना चाकणला नाहीतर रांजणगावला, त्यामुळे तो पुण्यात राहतो म्हणण्यापेक्षा नगर रोडच्या नाहीतर नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये राहतो म्हणणं जास्त खरं. येण्याआधी कंपनीने त्याला मर्सर या सल्लागार संस्थेची यादी दाखवलेली असते. परदेशी नोकरदाराला कुठलं शहर किती महाग पडतं, त्याची ही यादी; सर्वांत महाग ते पहिलं. २०२४ साली तिच्यात २२६ शहरं होती. मुंबई १३६वी, पुणे २०५वं. हा आकडा अस्सल पुणेकराला सांगू नये. कुठल्याही यादीत आपण दोनशेच्या खाली आहोत हे ऐकायची त्याला सवय नाही, त्यातून मुंबई वर आहे म्हटल्यावर तो यादी करणाऱ्याचं शिक्षण काढतो.

पहिले दोन महिने साहेब यादीवर बेहद्द खूश असतो. अमृततुल्यातला चहा, शहाळं, न्हाव्याकडची चंपी, सगळं भागून चिल्लर उरते. पहिल्या दीड किलोमीटरला पंचवीस रुपये दाखवणारं मीटर झाकून रिक्षावाला सरळ दोनशे सांगतो. साहेब तीनशे देतो, वर वाकून आभार मानतो. रिक्षावाला काही खूश होत नाही. आपण पाचशे का नाही सांगितले, या विचाराने त्याची रात्रीची झोप उडते.

घराचं मात्र नुसतं भागून भागत नाही. 'फॉरिनर पार्टी' आहे कळल्यावर एजंट जो आकडा सांगतो, तो ऐकून एजंटलाच ठसका लागतो. त्या आकड्यात मिळतो एक बाथटब, ज्यात पुढे वर्षभर कपड्यांच्या बादल्या राहतात, आणि एक ओव्हन, ज्यात आधीच्या बिऱ्हाडाने चाळण्या ठेवलेल्या असतात. घरमालक बहुधा सदाशिव पेठेतून न्यू जर्सीला गेलेला. म्हणजे श्टुटगार्टचा माणूस पुण्यात राहून न्यू जर्सीतल्या पुणेकराला भाडं भरतो. दोघंही ती रक्कम भागतात. एकाला ती फार वाटते, दुसऱ्याला कमी. मग अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, मालकाने भरायचा फॉर्म, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे एफआरआरओत, नोंदणी. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर ती आल्यापासून १४ दिवसांच्या आत व्हावी लागते. यंत्रशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस करारावर अंगठा उठवतो, आणि तो यंत्राला तिसऱ्या खेपेला पटतो.

नोकरीच्या व्हिसाला सरकारची एक अट होती: पगार वर्षाला निदान सव्वासोळा लाख हवा. त्यातून सूट कुणाला? इंग्रजी सोडून इतर भाषांच्या शिक्षकांना, दुभाष्यांना, आणि आपापल्या देशाचं जेवण रांधणाऱ्या आचाऱ्यांना. हा नियम लिहिणारा बाबू कधीतरी स्वतः परगावी बदलीवर गेला असणार. कारण तिसऱ्या महिन्यात साहेबाला पावाची आठवण येते. लादीपाव त्याला आवडतो, पण त्याला पाव म्हणायला त्याचं मन तयार नसतं. मग दर शनिवारी कॅम्पातली दुकानं पालथी घालणं सुरू होतं. राय धान्याचा काळा ब्रेड, चीज, ऑलिव्ह, कुठल्याशा डबीतली मोहरी. इथे प्रथमच भागाकाराचं उत्तर गावाकडच्या भावापेक्षा मोठं येतं. साहेब पुन्हा भागून बघतो. उत्तर तेच. वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयातशुल्क, हे कळल्यावर तो बाटली इतक्या हळुवारपणे फळीवर ठेवतो की दुकानदार त्याला पाणी विचारतो. कोरियन साहेब त्यातल्या त्यात सुखी. कोबी इथलाच घेऊन किमची घरी घालतो. शेजारी दोन दिवस ड्रेनेजवाल्याला फोन करत राहतात.

शेवटी जर्मन साहेब नाशिकच्या वाइनवर येतो. तेवढ्यात कुणीतरी त्याला सांगतं, की महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो. कायदा १९४९चा, अजून जिवंत आहे. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, जन्मभराचा हजार. इथल्या चार माणसांनी हे हसण्यावारी नेलं असतं. साहेब कायदा वाचतो, भागतो, आणि दहा युरोत जन्मभर प्यायची सोय झाली म्हणून हरखून जन्मभराचा परवाना काढतो. करार दोन वर्षांचा असतो, ते सोडा. पुढच्या शनिवारी वाइनशॉपमध्ये तो न मागता परवाना पुढे करतो. काउंटरवरचा माणूस कागद उलटसुलट बघतो आणि आतून मालकाला बोलावतो. धाड असावी असं दोघांनाही वाटतं. मालक घाम पुसत म्हणतो, "साहेब, आपलं सगळं रीतसर आहे." साहेब म्हणतो, "माझंसुद्धा."

पण सोसायटीत साहेबाचं नाव गाजतं ते वेगळ्याच कारणाने. घरकामाच्या मावशींना साहेबाच्या मॅडमनी विचारलं, किती घेणार? फॉरिनची बाई म्हणून मावशींनी नेहमीच्या दुप्पट रक्कम सांगितली. मॅडमचे डोळे विस्फारले. "दिवसाचे?" त्यांनी विचारलं. मावशी शहाण्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

व्यवहार अखेर महिन्यावर ठरला, तरी आठवड्याच्या आत सोसायटीत तातडीची बैठक भरली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी होती, बोलणं मावशींचं झालं.

"रेट बिघडवून ठेवला यांनी सगळ्यांचा."

"रविवारी पूर्ण सुट्टी देतात म्हणे."

"भांडी घासायला हातमोजे आणलेत, काकू!"

"पगारी रजासुद्धा आहे. आमच्या ह्यांना नाही."

"आणि चहा आपल्याच कपातून देतात."

यावर मात्र कुणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरींना पाण्याच्या टाकीची आठवण झाली.

रेट बिघडला म्हणजे काय, तर जो आधीच असायला हवा होता त्याच्या थोडा जवळ गेला. साहेबाच्या भागाकारात पुणं स्वस्त निघतं ते चीजमुळे नव्हे. ड्रायव्हर, माळी, वॉचमन आणि मावशी यांच्यामुळे निघतं. आपलंही तसंच निघतं. आपण फक्त तो भागाकार मांडत नाही.

साहेबाची आणखी एक जात आहे, ती कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या पैशावर राहते. १९७४ साली कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला, त्यानंतर जे आले त्यांतले काही परत गेलेच नाहीत. यांनी भागणं कधीच सोडलं. हे मंडईत दोन रुपयांसाठी पाय रोवून उभे राहतात, कोथिंबीर वरून मागतात, आणि शनिवारवाड्याच्या खिडकीवर "मी इथलाच आहे" असं मराठीत सांगतात. तिकीट आपल्याला पंचवीस, परदेशी पाहुण्याला तीनशे. खिडकीतला माणूस त्यांच्या मराठीचं मनापासून कौतुक करतो आणि तीनशेचं फाडतो.

कंपनीचा साहेबही दुसऱ्या वर्षी त्याच वळणावर येतो. सुट्टीला घरी जाण्याआधी तो लक्ष्मी रोडवर चष्मा करून घेतो, दाताचं रूट कॅनाल उरकतो, केस अगदी बारीक कापून घेतो. श्टुटगार्टला कॉफीचे साडेचार युरो ऐकून त्याच्या तोंडून "साडेचारशे?" असा उद्गार निघतो. बायको पायावर पाय देते. नळ दुरुस्त करायला माणूस येतो, अर्धा तास थांबतो आणि बिल देऊन जातो. ते गुणल्यावर साहेबाला पुण्याच्या प्लंबरची इतकी आठवण येते, की तो त्याला व्हॉट्सॲपवर शुभेच्छा पाठवतो. प्लंबर उत्तर देतो: उद्या येतो.

करार संपत आला की कंपनी बढती देऊन सिंगापूरला पाठवायचं म्हणते. २०२४च्या त्याच यादीत सिंगापूर दुसरं. एचआरची बाई भत्ते वाचून दाखवते: घरभाडं, शाळेची फी, वर्षाला दोनदा विमानाचं तिकीट, महागाईपोटी वेगळी रक्कम. साहेब सगळं शांतपणे ऐकून घेतो. चीज तिथे हवं ते मिळेल, असंही ती आपणहून सांगते.

"ते ठीक आहे," साहेब म्हणतो. "भांड्यांना कोण येईल?"